जानेवारीत पळणारा, मे महिन्यात धापा टाकणारा: आय७-३७७०के, साडेचार गिगाहर्ट्झ आणि नागपूरचा उन्हाळा

यंत्र असे आहे: इंटेलचा चार कोरचा कोअर आय७-३७७०के, झेड७७ चिपसेटचा मदरबोर्ड, १.५ व्होल्टची १६ जीबी डीडीआर३-१६०० मेमरी आणि कूलर मास्टर हायपर २१२ इव्होच्या जातीचा, चार हीटपाइपचा १२० मिमी टॉवर हीटसिंक. काम म्हणजे ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमधले रेंडर, म्हणजे एकेक फ्रेम तयार करून घेणे, रोज आठ-दहा तास. बायोसमध्ये मल्टिप्लायर (१०० मेगाहर्ट्झच्या बेस क्लॉकला ज्याने गुणून वेग ठरतो तो आकडा) ४५ केला, बाकी सगळे ‘ऑटो’वर सोडले. जानेवारीत यंत्र ४.५ गिगाहर्ट्झवर बिनतक्रार पळाले. मे उजाडला आणि तीच फ्रेम जास्त वेळ घेऊ लागली. यंत्र बंद पडत नाही, विंडोजची निळी पाटी येत नाही, नुसता वेग मरतो. जुने सेटिंग, उष्णता पुढे नेणारी जुनीच पेस्ट, जुनाच पंखा. बदलली आहे ती फक्त खोलीतली हवा: जानेवारीत २२ अंश, आता दुपारी ३९.

अशा वेळी दुकानात हमखास मिळणारा सल्ला म्हणजे ‘मोठा हीटसिंक घ्या’ किंवा ‘लिक्विड कूलिंग लावा’. या प्रकरणात तो सल्ला दुखणे म्हशीला आणि औषध पखालीला या जातीचा आहे. तो का, हे समजायला थोडा हिशेब करावा लागेल. पुढे येणारे वॅट आणि अंश त्या हिशेबाचे आहेत, एखाद्या यंत्रावर मोजून घेतलेले नाहीत. त्यासाठी जे गृहीत धरले ते त्या त्या जागी सांगितले आहे, म्हणजे तुमच्या यंत्राचे आकडे तिथे घालून हाच हिशेब पुन्हा करता येईल.

शब्दाबद्दल एक खुलासा. नागपुरात ‘कूलर’ म्हटले की खिडकीतला वाळ्याच्या ताट्यांचा कूलर डोळ्यांसमोर येतो. म्हणून या लेखात कूलर म्हणजे तोच, आणि प्रोसेसरवर बसतो तो हीटसिंक.

व्होल्टेजचा हिशेब

३७७०के एप्रिल २०१२ मध्ये आला. मूळ वेग ३.५ गिगाहर्ट्झ, एकाच कोरवर भार असेल तर टर्बोत, म्हणजे प्रोसेसर आपणहून वाढवतो त्या वेगात, ३.९, चारही कोर भारले की ३.७. कागदावर ७७ वॅट. चारही कोर ३.७ गिगाहर्ट्झ आणि १.०५ व्होल्टवर असताना तो ७५ वॅट घेतो असे धरू. प्रोसेसरची वीज वेगाच्या प्रमाणात वाढते आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ‘वर्गाच्या’ या शब्दापाशी क्षणभर थांबा, कारण वेग वाढवणारे बहुतेक जण वेगाकडे पाहत बसतात आणि त्यांची वीज व्होल्टेज खाऊन जाते.

बोर्डावर व्होल्टेज ऑटो असेल आणि मल्टिप्लायर ४५ केला, तर कुठलाही कमकुवत नमुना त्या वेगावर उभा राहावा म्हणून बोर्ड सढळ हाताने व्होल्टेज देतो. १.३५ व्होल्ट दिसले तर नवल मानू नका. ४.५ भागिले ३.७ म्हणजे १.२२, १.३५ भागिले १.०५, त्याचा वर्ग म्हणजे १.६५. गुणाकार दोनच्या आसपास, म्हणजे ७५ चे १५१ वॅट झाले. वेग बावीस टक्क्यांनी वाढला आणि वीज दुप्पट झाली.

खरे तर बहुतेक ३७७०के ४.५ गिगाहर्ट्झसाठी १.२० ते १.२८ व्होल्टच्या दरम्यान मागतात. मधला १.२५ धरला तर वीज १२९ वॅटवर येते. एक पैसा न खर्चता, वेगाला हात न लावता २२ वॅट गेले. म्हणून या यंत्रावरचे पहिले काम बायोसमध्ये आहे, स्क्रू ड्रायव्हरचा नंबर नंतर.

कृती अशी. कोअर व्होल्टेज ‘मॅन्युअल’ करून १.२५ द्यावे. लोड लाइन कॅलिब्रेशन मधल्या पायरीवर ठेवावे. सगळ्यात वरच्या पायरीवर ते भार आला की ठरवल्यापेक्षा जास्त व्होल्टेज पोहोचवते, आणि खाली बंद ठेवले तर भाराखाली व्होल्टेज घसरते. बेस क्लॉक १००च राहू द्यावा. या पिढीत त्याच घड्याळावर पीसीआय एक्स्प्रेस आणि साटासुद्धा बांधलेले आहेत, त्यामुळे तो पाच-सहा मेगाहर्ट्झ वाढवला तरी हार्ड डिस्क रुसायला लागते. मेमरीला तिचे १.५ व्होल्टच द्यावेत. मग विंडोजमध्ये एचडब्ल्यूइन्फो हा यंत्रातले आकडे दाखवणारा प्रोग्रॅम उघडून भाराखाली प्रत्यक्ष किती व्होल्टेज पोहोचते ते बघावे, कारण बायोसमध्ये लिहिलेला आकडा आणि प्रोसेसरला मिळणारा आकडा यांत फरक असतो.

प्रोसेसरवर पूर्ण भार टाकणाऱ्या प्राइम९५ या प्रोग्रॅमची ‘स्मॉल एफएफटी’ चाचणी वीस मिनिटे चालवा. टिकली तर व्होल्टेज ०.०१ ने कमी करा, पुन्हा चालवा. कुठेतरी चाचणीचा एक वर्कर (एकेका कोरवर चालणारा तिचा भाग) थांबेल, नाहीतर १०१ किंवा १२४ क्रमांकाची निळी पाटी येईल. या प्रोसेसरवर हे दोन क्रमांक बहुतेक वेळा कमी पडलेल्या कोअर व्होल्टेजचे असतात. तिथून ०.०२ वर चढा आणि थांबा. पाटी येण्याच्या आधीही एक खूण मिळते: विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये ‘डब्ल्यूएचईए-लॉगर’च्या नावाने १९ क्रमांकाच्या पिवळ्या इशाऱ्यांची रांग लागते. यंत्र चुका करून स्वतःच दुरुस्त करत असते. ती रांग दिसत असताना ‘चालतंय की’ म्हणून रात्रभराचे रेंडर लावू नये.

प्राइम९५ च्या आवृत्तीकडेही लक्ष हवे. २६.६ मध्ये एव्हीएक्स, म्हणजे प्रोसेसरला जास्त राबवणाऱ्या सूचनांचा संच, नाही. २७ पासून पुढे आहे आणि ती जास्त तापवते. दोघांनी एकमेकांशी तापमान ताडून पाहायचे असेल तर आवृत्ती एकच असावी, नाहीतर तो वाद व्यर्थ.

पहिल्या दोन सेकंदांतली उडी

आता १२९ वॅट बाहेर कसे जातात ते पाहू. वाटेत दोन टप्पे आहेत. पहिला, सिलिकॉनच्या तुकड्यापासून वरच्या धातूच्या झाकणापर्यंत. दुसरा, झाकणापासून हीटसिंकमार्गे कॅबिनेटमधल्या हवेपर्यंत. प्रत्येक टप्पा दर वॅटमागे काही अंश खातो. या हीटसिंकसाठी दुसऱ्या टप्प्याला ०.१८ अंश प्रति वॅट धरू. पहिल्याला, म्हणजे झाकणाखाली, ०.३०. कॅबिनेटमधली हवा खोलीपेक्षा ६ अंशांनी गरम धरू.

जानेवारी: २२ अधिक ६, अधिक १२९ गुणिले ०.४८. साधारण ९०. ऑटो व्होल्टेजच्या १५१ वॅटवर हाच आकडा १०० होतो. ३७७०के ची मर्यादा १०५ अंश आहे, म्हणून जानेवारीत काहीच जाणवले नाही. यंत्र तेव्हाही कड्याच्या टोकावरच उभे होते, कोणी खाली वाकून पाहिले नाही इतकेच. मे: ३९ अधिक ६ अधिक ६२, म्हणजे १०७. ऑटोवर ११७. दोन्ही मर्यादेपलीकडे. प्रोसेसर १०७ वर जात नाही, १०५ ला पोचताच तो स्वतःचा वेग तोडतो. यंत्र चालू पण मंद, हे कोडे तिथे सुटते. एचडब्ल्यूइन्फोमध्ये ‘थर्मल थ्रॉटलिंग’च्या ओळीपुढे ‘येस’ उमटलेले दिसले की खात्री करून घ्यायला आणखी काही नको.

आता दोषी टप्पा कोणता? त्यासाठी काहीही उघडावे लागत नाही, घड्याळ पुरते. यंत्र पाच मिनिटे निवांत ठेवा. एचडब्ल्यूइन्फोची नोंद दर सेकंदाला लावा. प्राइम९५ सुरू करा आणि तापमानाच्या रेघेकडे बघा. ती दोन वेगळ्या चालींनी चढते.

पहिली चाल म्हणजे उडी. भार येताच एक-दोन सेकंदांत तापमान ५५ वरून ८८ वर जाते. सिलिकॉनचा तुकडा काही ग्रॅमचाही नाही; तो क्षणात तापतो आणि त्याच्या व झाकणाच्या मधला फरक लगेच पुरा दिसतो. दुसरी चाल म्हणजे रांगणे. हीटसिंक अर्धा किलोच्या आसपासचा. तेवढा धातू तापायला वेळ लागतो, म्हणून ८८ पासून वर, मर्यादेपर्यंतचे अंश चार-पाच मिनिटांत हळूहळू चढतात. त्यानंतरही अर्धा तास एखाद-दुसरा अंश वाढत राहिला तर ती कॅबिनेटची हवा.

उडीतून झाकणाखालचा टप्पा सरळ काढता येतो. निवांत असताना २० वॅट, भाराखाली १२९, फरक १०९. उडी ३३ अंशांची. ३३ भागिले १०९ म्हणजे ०.३०. वॅटचा आकडा त्याच खिडकीत ‘सीपीयू पॅकेज पॉवर’पुढे मिळतो, तो अंदाजी असतो, पण या कामाला पुरतो. भार थांबवला की हीच रेघ उलटी पडते: आधी धाडकन तीसेक अंश, मग सावकाश. उडी मोठी आणि रांगणे लहान असेल तर दोष झाकणाखाली. उडी लहान आणि रांगणे लांबलचक असेल तर हीटसिंक, त्याची पेस्ट, पंखा किंवा कॅबिनेट तपासा.

चारही कोर सारखे तापत नाहीत, ही आणखी एक खूण. मधले दोन कोर कडेच्या कोरांपेक्षा काही अंशांनी गरम असणे साहजिक आहे, त्यांना दोन्ही बाजूंनी शेजार आहे. पण एकच कोर इतरांपेक्षा दहा-पंधरा अंश वर असेल, तर झाकणाखालची पेस्ट तिथे सुकली किंवा सरकली असे समजावे. दहा वर्षे ओलांडलेल्या प्रोसेसरमध्ये ही शक्यता आता चांगलीच आहे.

हे सगळे ताडून पाहिले की मोठ्या हीटसिंकची किंमत कळते. नॉक्टुआ एनएच-डी१४ सारखा दुहेरी टॉवर लावला आणि दुसरा टप्पा ०.१८ वरून ०.१३ वर आणला, तर १२९ वॅटवर साडेसहा अंश वाचतात. १०७ चे १०० झाले. थ्रॉटलिंग थांबेल, पण जेमतेम, आणि उडी मात्र तेवढीच राहील. लिक्विड कूलिंगचेही तेच. त्यातले पाणी शेवटी खोलीच्याच हवेने थंड होते, आणि ती ३९ अंशांची आहे.

झाकणाखाली काय आहे

याच सॉकेटचा आधीचा भाऊ, जानेवारी २०११ चा आय७-२६००के, ३२ नॅनोमीटरचा, कागदावर ९५ वॅटचा. त्याचे सिलिकॉन २१६ चौरस मिलिमीटर आहे आणि झाकणाला सोल्डरने जोडलेले आहे. ३७७०के २२ नॅनोमीटरचा, सिलिकॉन १६० चौरस मिलिमीटर, आणि झाकणाखाली पेस्ट. वीज कमी खातो, तरी वेग वाढवल्यावर जास्त तापतो, हे पाहून २०१२ मध्ये जगभरचे हौशी लोक बुचकळ्यात पडले होते. कारणे दोन. उष्णता कमी असली तरी ती लहान जागेतून निघायची आहे, आणि निघताना तिला धातूऐवजी पेस्टमधून जायचे आहे. त्यात झाकण चिकटवणारा काळा गोंद झाकणाला सिलिकॉनपासून किंचित उचलून धरतो. म्हणजे पेस्टचा थर हवा त्यापेक्षा जाड. लोकांनी झाकणे काढून पाहिली तेव्हा दोष पेस्टच्या दर्जापेक्षा या फटीतच जास्त निघाला.

झाकण काढणे, म्हणजे डिलिड, या प्रोसेसरवर शक्य आहे आणि त्याचा फायदा मोठा आहे. आतला टप्पा ०.३० वरून ०.१५ वर आला तर १२९ वॅटवर १९ अंश वाचतात: मे महिन्यात १०७ ऐवजी ८८, त्याच हीटसिंकवर. उडी ३३ ऐवजी १६ ची होईल. काम बरोबर झाले की नाही याचा पुरावा याच आकड्यात मिळतो.

पण आधी नाव दोनदा वाचा. हे ३७७०के आणि ३५७०के यांच्याबद्दल आहे. २६००के किंवा २५००के यांच्यावर ब्लेड चालवले तर सोल्डरसकट सिलिकॉन उखडून येते आणि प्रोसेसर संपतो. ४७७०के, ४७९०के यांच्या झाकणाखाली सिलिकॉनच्या शेजारी बारीक घटकांची रांग आहे; ब्लेड तिथे लागले तर तेही संपले. ३७७०के च्या झाकणाखाली असे घटक नाहीत, म्हणून तो त्यातल्या त्यात सोपा.

ब्लेडपेक्षा स्क्रूने झाकण सरकवणारे डिलिड उपकरण वापरावे. ११५० आणि ११५१ सॉकेटसाठी विकले जाणारे बरेचसे ३७७०के ला चालतात, कारण प्रोसेसरच्या तळाच्या हिरव्या पट्टीचा आकार तोच, ३७.५ मिमीचा चौरस. तरी विकणाऱ्याच्या यादीत ३७७०के लिहिलेला आहे ना, हे बघून घ्यावे. ब्लेडच वापरायचे तर साधे पातळ दाढीचे, आणि सुरुवात कोपऱ्यातून. ब्लेड हिरव्या पट्टीला समांतर ठेवायचे, किंचित वरच्या बाजूला कलते, कारण पट्टीवर ओरखडा गेला की आतली तार तुटते, आणि ती कुठे तुटली हे नंतर शोधता येत नाही. गोंदाच्या रुंदीपेक्षा आत जायचे नाही. जोर लावावासा वाटला की थांबून दुसऱ्या कोपऱ्यातून यायचे.

झाकण निघाले की दोन्ही बाजूंचा काळा गोंद पूर्ण काढायचा. जुने एटीएम कार्ड यासाठी उत्तम. धातूची पट्टी नको. थोडाही गोंद उरला तर फट परत तयार होते आणि सगळी मेहनत पाण्यात जाते. जुनी पेस्ट ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. मग द्रव धातू, म्हणजे गॅलियम, इंडियम आणि कथील यांचे मिश्रण. सुईच्या टोकाएवढा थेंब सिलिकॉनवर, तसाच झाकणाच्या आतल्या बाजूला, आणि सोबत येणाऱ्या कापसाच्या काडीने घासत पसरवायचा. सुरुवातीला तो पाऱ्यासारखा पळतो, पृष्ठभागाला धरत नाही. इथे घाईने दुसरा थेंब टाकला जातो आणि तीच चूक महागात पडते. घासत राहिले की अचानक तो आरशासारखा पसरतो. थर इतका पातळ हवा की प्रोसेसर तिरका केला तरी काही वाहू नये. ओघळलेला थेंब पट्टीवर उघड्या तांब्यावर पडला तर शॉर्ट होईल, कारण तो वीज वाहतो.

हा द्रव धातू झाकण आणि हीटसिंक यांच्यामध्ये लावू नका. या हीटसिंकचे हीटपाइप थेट टेकतात आणि त्यांना धरणारा पाया ॲल्युमिनियमचा आहे. गॅलियम ॲल्युमिनियमला पोखरून ठिसूळ करते. वर नेहमीची पेस्टच. पाइपांच्या मधल्या खाचा आधी पेस्टने बुजवा आणि मग प्रत्येक पाइपवर एक बारीक रेघ. नुसता मधोमध दाणा ठेवला तर पेस्ट खाचांत जाते आणि कडेचे पाइप कोरडे राहतात.

झाकण परत बसवताना चार कोपऱ्यांना रबरासारख्या सिलिकोन गोंदाचे अगदी लहान ठिपके पुरतात. सॉकेटची कडी लावताना झाकण मिलिमीटरभर सरकते, म्हणून बोटाने धरून ठेवून कडी दाबावी. हीटसिंकचे स्क्रू कर्णरेषेत, थोडे थोडे, आळीपाळीने आवळावेत.

डिलिड करायचे की नाही? माझे मत असे: उडी ३० अंशांच्या वर असेल आणि यंत्र रोज तासन्‌तास पूर्ण भारावर असेल तर करावे. नुसते खेळ आणि ब्राउझिंग असेल तर करू नये. चूक झाली तर प्रोसेसर जातो, आणि त्याच्या जोडीचा दुसरा आता फक्त जुन्या बाजारातच मिळतो.

मधला मार्ग

डिलिडची हिंमत नसेल तर खालचा आकडा बघा. ४.५ ऐवजी ४.३ गिगाहर्ट्झ आणि १.१५ व्होल्ट. वीज १०५ वॅट. मे महिन्यात ४५ अधिक ५०, म्हणजे ९५. वेग साडेचार टक्क्यांहून कमी घटला, तापमान १२ अंशांनी. दहा तासांच्या रेंडरमध्ये अर्ध्या तासाच्या आत फरक पडेल. थ्रॉटलिंगमध्ये याहून जास्त जातो, शिवाय कधी आणि किती ते सांगता येत नाही. या प्रकरणात मला सगळ्यात पटणारा उपाय हाच आहे. बायोसमध्ये दोन प्रोफाइल जतन करावीत, एक ४.५ चे नोव्हेंबर ते फेब्रुवारीसाठी, दुसरे ४.३ चे मार्च लागल्यापासून. बहुतेक झेड७७ बोर्डांत अशी सोय असते.

उन्हाळ्याचे प्रोफाइल उन्हाळ्यातच तपासावे. गरम सिलिकॉनमधून गळणारी वीज वाढते, आणि त्याच वेगासाठी त्याला किंचित जास्त व्होल्टेजही लागते. वरच्या हिशेबात हे धरलेले नाही, म्हणून खरा आकडा थोडा वाईटच निघेल. जानेवारीत १.१५ वर टिकलेले सेटिंग नवतपात १.१७ मागू शकते. शेवटची चाचणी दुपारी दोन ते चार या वेळात, कॅबिनेट बंद करून, प्रत्यक्ष रेंडरवरच घ्यावी.

खोली, कूलर आणि धूळ

खोलीचा प्रत्येक अंश प्रोसेसरवर अंशाला अंश चढतो. त्यामुळे खोली ३९ वरून ३१ वर आली तर ४.५ गिगाहर्ट्झवरही १०७ चे ९९ होतात. विदर्भाच्या कोरड्या मे महिन्यात कूलर हे काम चांगले करतो. ‘कूलरच्या ओलाव्याने कॉम्प्युटरमध्ये पाणी सुटते’ अशी भीती बरेच जण घालतात. पाणी सुटते ते हवेपेक्षा थंड वस्तूवर. चालू कॅबिनेटमधली प्रत्येक वस्तू हवेपेक्षा गरम असते, तिच्यावर दव धरत नाही. खरा धोका वेगळा आहे: कूलरच्या थेट झोतात उडणारे बारीक तुषार. त्यांच्यासोबत बोअरच्या पाण्यातला क्षार येतो, आणि वाळ्याच्या किंवा लाकडी भुशाच्या ताट्यांचे तंतू येतात. पाणी वाळते, क्षार फिनवर आणि पंख्याच्या पात्यावर पांढरा राहतो. कॅबिनेट झोताच्या बाजूला, निदान दोन मीटर अंतरावर ठेवावे आणि समोरची खिडकी थोडी उघडी ठेवावी. हवा बाहेर गेली नाही तर कूलर खोली थंड करत नाही, फक्त ओली करतो. पावसाळ्यात मात्र त्याचा उपयोग जवळजवळ संपतो.

कॅबिनेटमध्ये पुढून दोन १२० मिमी पंखे आत, मागून एक बाहेर. आत येणारी हवा बाहेर जाणाऱ्यापेक्षा थोडी जास्त असली की फटींमधून धूळ ओढली जात नाही. पुढच्या जाळीवर फिल्टर हवा आणि उन्हाळ्यात तो दर पंधरा दिवसांनी धुवावा. हीटसिंकच्या पंख्याचा झोत मागच्या पंख्याकडे. टॉवर हीटसिंक हवा आडवी ढकलतो, सॉकेटभोवतीच्या व्होल्टेज रेग्युलेटरवर त्यातली फारशी पडत नाही. बोर्ड स्वस्तातला असेल तर १२९ वॅटवर ते भाग आधी तापतात, आणि कोर ८५ वर असतानाही वेग पडतो. तापमान ठीक दिसते पण वेग तुटतो, असे झाले की तिथे बघावे. वरून एक लहान पंखा सोडला तरी पुरे.

विजेची बाजूही याच प्रकरणात येते. घरोघरी असतो तो ६०० व्हीएचा यूपीएस, सहसा ३६० वॅटचा. १२९ वॅटचा प्रोसेसर, दीडशे वॅटचे ग्राफिक कार्ड, मॉनिटर, डिस्क आणि एसएमपीएसमधली घट मिळून पूर्ण भारावर ती मर्यादा ओलांडली जाते. वीज आहे तोवर कळत नाही. गेली की यूपीएस ओरडून बंद होतो आणि नऊ तासांचे रेंडर जाते.

प्रोसेसर अजून घ्यायचा असेल तर

हेच काम समोर ठेवून जुन्या बाजारात चार कोर शोधत असाल तर सोल्डरवाला २६००के बरा की ३७७०के? २६००के ला ४.५ गिगाहर्ट्झवर १५० वॅट धरले आणि झाकणाखाली ०.१५, तर मे महिन्यात ४५ अधिक ५०, म्हणजे ९५. ३७७०के पेक्षा बारा अंश कमी, तेही जास्त वीज खाऊन. पण त्याची मर्यादा ९८ आहे, म्हणजे हातात तीनच अंश. सोल्डर आहे म्हणून मे महिना माफ होत नाही. त्याच वेगावर तो ३७७०के पेक्षा कामात थोडा मागेही आहे. रोजच्या रेंडरसाठी मी ३७७०के घेऊन ४.३ वर चालवीन.

घेताना नावापुढे ‘के’, म्हणजे मल्टिप्लायर मोकळा असल्याची खूण, आहे ना ते बघा आणि बोर्ड पी६७, झेड६८, झेड७५ किंवा झेड७७ आहे ना तेही. एच६१, बी७५, एच७७ वर ‘के’चे पैसे वाया जातात. साधा ३७७० झेड७७ वर टर्बोच्या वर चार पायऱ्या चढू देतो, म्हणजे चारही कोर ४.१ गिगाहर्ट्झ. स्वस्तात मिळाला तर नागपुरासाठी तोही वाईट नाही. पी६७ किंवा झेड६८ बोर्ड घेतला तर ३७७०के साठी बायोस नवा लागतो, आणि तो चढवायला आधी जुन्या पिढीचा प्रोसेसर लागतो. विकणाऱ्याकडूनच चढवून घ्यावा. बोर्डाच्या सॉकेटमधल्या पिना मोबाइलच्या टॉर्चने तिरक्या उजेडात बघाव्यात, वाकलेली पिन वेगळी चमकते. प्रोसेसरच्या झाकणाच्या कडेला काळा गोंद सगळीकडे सलग दिसला पाहिजे. पट्टीच्या कडेला ब्लेडचे ओरखडे दिसले तर आधी कोणीतरी उघडला आहे. तो टाळाच असे नाही, पण दुकानातच दहा मिनिटे प्राइम९५ लावा आणि उडी मोजा. १६-२० अंशांची असेल तर काम नीट झालेले आहे. चाळिशीची असेल तर प्रोसेसर तिथेच ठेवून यावे.